तुक्कीयीम : शलमोनाच्या जहाजांतून मोर उतरले की आणखी काही?

अक्षरवेडी

मराठी बायबलमध्ये १ राजे, अध्याय १०, वचन २२ मध्ये एक हकीकत आहे. इस्राएलच्या शलमोन राजाची तार्शीश जहाजं सोरच्या हीराम राजाच्या जहाजांबरोबर समुद्रावर असत आणि तीन वर्षांतून एकदा सोनं, चांदी, हस्तिदंत, वानर आणि मोर घेऊन परत येत. लहानपणी शेजारच्या काकूंकडे हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी 'मोर'वर अडले होते. यरुशलेमच्या राजवाड्यात मोर? आपल्या शेतात दाणे टिपतो तोच?

आता तीन वर्षं हिब्रू शिकते आहे, आणि मूळ वचन वाचताना पुन्हा तिथेच अडले. मूळ शब्द 'तुक्कीयीम'. हे अनेकवचन. एकवचन 'तुक्की' असणार, पण ते अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये कुठेच नाही. शब्द दोनदा येतो, इथे आणि २ इतिहास ९:२१ मध्ये, पण 'इतिहास' या बायबलमधल्याच पुस्तकात हीच हकीकत पुन्हा सांगितली आहे. म्हणजे साक्षीदार खरं तर एकच.

त्यातही हे वचन विलक्षण आहे. पाच जिन्नसांपैकी सोनं आणि चांदी पानोपानी भेटतात. उरलेले तिन्ही शब्द, शेनहब्बीम, कोफीम आणि तुक्कीयीम, या हकिकतीबाहेर सापडत नाहीत. 'शेन' म्हणजे दात, त्यावरून हस्तिदंत. पण याच अध्यायात चार वचनं आधी शलमोनाच्या सिंहासनाचं वर्णन आहे आणि तिथे हस्तिदंताला नुसतं 'शेन' म्हटलंय. मग २२व्या वचनात लांबलचक 'शेनहब्बीम' का? मला वाटतं, इथे लेखकाच्या हातात बंदरावरची एखादी यादी असावी, व्यापाऱ्यांच्या तोंडच्या शब्दांत, आणि त्यानं ते शब्द तसेच उतरवले.

जुन्या भाषांतरकारांनी काय केलं ते पाहा. राजेच्या जुन्या ग्रीक भाषांतरात इथे प्राणीच नाहीत, 'कोरलेले आणि घडवलेले दगड' आहेत! इतिहासाच्या ग्रीक भाषांतरात हस्तिदंत आणि माकडं आहेत, तुक्कीयीम गाळलेत. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस हीच कथा सांगताना हस्तिदंत, इथिओपियाची माणसं आणि माकडं असं लिहितो. तार्गुममध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या अरामी भाषांतरात, 'तावसीन' आहे, म्हणजे मोर. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमनं लॅटिनमध्ये 'पावोस' लिहिलं, तेही मोरच. तिथून मोर युरोपच्या भाषांत गेला आणि आपल्या मराठीतही आला.

दगड, माणसं, मोर. हिब्रू जाणणाऱ्या लोकांनाही हा शब्द इसवी सनाच्या आधीच परका झाला होता. 'मोर'ला खरा आधार काय? माझं मन मोराकडे ओढ घेतं, आणि म्हणूनच मला त्या उत्तराची भीती वाटते. जाणकारांनी लिहावं.

---

रोजचा_वाचक

फार सुंदर विषय. 'माणसं' वाचून दचकलो. मोराच्या जागी माणसं कशी आली असतील, हेही कुणी सांगा.

---

कावेरीकाठ

अक्षरवेडीताई, मी तंजावूरचा मराठी. घरात आमची जुन्या वळणाची मराठी, बाहेर तमिळ. त्यामुळे हा शब्द माझ्या कानाला परका वाटत नाही. तमिळमध्ये 'तोगै' (लिहिताना तोकै) म्हणजे मोराचा पिसारा. मूळ अर्थ लोंबणारी, मागे पसरलेली वस्तू. आमच्याकडे उसाच्या लांब पात्यांनाही तोगै म्हणतात. तेलुगूत 'तोक' म्हणजे शेपूट. आणि तमिळ कवितेत पिसाऱ्याचा शब्द पक्ष्यालाच लागतो, तोगै म्हटलं की मोर, आणि पुढे मोरासारखी स्त्रीसुद्धा.

रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ साली द्राविडी भाषांचं तुलनात्मक व्याकरण प्रसिद्ध केलं. जगातल्या कुठल्याही लिखाणात टिकलेला सर्वांत जुना द्राविडी शब्द बहुधा हा हिब्रू बायबलमधला मोराचा शब्दच, असं त्यांचं मत होतं. पुढे १९७१ मध्ये हिब्रूचे अभ्यासक खाइम राबिन यांनी तमिळ प्रदेश आणि पॅलेस्टाइन यांच्यातला व्यापार हिब्रूतल्या उसन्या शब्दांवरून मांडायचा प्रयत्न केला. त्यातही हा शब्द होता.

मोर मूळचा भारत आणि श्रीलंका इथला पक्षी. तो भूमध्य समुद्राच्या काठी पोहोचला तर इथूनच. पक्ष्याबरोबर त्याचं नावही जहाजावर चढलं, यात अशक्य काय आहे?

---

पपायरस

अशक्य नाही, पण दुसरी बाजू मला जास्त भक्कम वाटते. मी इजिप्तची जुनी भाषा शिकलो आहे, त्या अंगानं लिहितो.

'कोफ' म्हणजे माकड. संस्कृत 'कपि'शी हा शब्द जुळतो म्हणून तो भारतातून गेला असं जुन्या पुस्तकांत सर्रास भेटतं. पण इजिप्तच्या भाषेत माकडाला 'गफ'सारखा शब्द शलमोनाच्या हजारभर वर्षं आधीपासून आहे आणि इजिप्त तर इस्राएलच्या दाराशी. तिथेच माकडाच्या दुसऱ्या एका जातीला, बहुधा बबूनला, 'की' किंवा 'क्यु' असं नाव आहे. (इजिप्तच्या लिपीत स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे उच्चार अंदाजानं घ्या.)

इजिप्तच्या मध्य राजवटीच्या काळातली (शलमोनाच्या कितीतरी शतकं आधीची) एक गोष्ट आहे, जहाज फुटून एका बेटावर अडकलेल्या खलाशाची. बेटावरचा महानाग निरोप देताना त्याचं जहाज भेटींनी भरून देतो. त्यात हस्तिदंत आहेत, शिकारी कुत्रे आहेत, आणि त्यापुढे लगेच 'गफ' आणि 'क्यु' आहेत. हस्तिदंत, गफ, क्यु. आता बायबलचा क्रम पाहा : शेनहब्बीम, कोफीम, तुक्कीयीम. मी पहिल्यांदा हे दोन्ही पाठ शेजारी ठेवले त्या रात्री मला झोप लागली नाही.

बायबलच्या पुरातत्त्वाचे अभ्यासक विल्यम ऑल्ब्राइट यांनी तुक्की हा इजिप्तचाच शब्द मानला. सुरुवातीचा 'त' त्यांच्या मते इजिप्तच्या भाषेतलं स्त्रीलिंगी उपपद (इंग्रजीतल्या 'the'सारखं). म्हणजे 'त-की', बबूनची मादी. काही आधुनिक भाषांतरांनी हे स्वीकारलं आहे आणि मोर काढून बबून घातले आहेत.

लक्सरसमोर देर अल-बहारी इथे राणी हत्शेपसूतचं मंदिर आहे, इ.स.पू. पंधराव्या शतकातलं. तांबड्या समुद्रावाटे दक्षिणेकडे असलेल्या पुंत देशाच्या तिच्या सफरीची शिल्पं तिथे भिंतीवर कोरली आहेत. त्यात माल भरलेल्या जहाजांवर बबून बसलेले दिसतात. बबूनला इजिप्तमध्ये पवित्र मानत, त्यांच्या ममी करत. त्या ममींच्या दातांतली नि हाडांतली मूलद्रव्यं तपासून काही प्राणी आजच्या इथिओपिया, इरिट्रिया, सोमालियाच्या पट्ट्यातून आणलेले होते असं २०२० मध्ये मांडलं गेलं. म्हणजे तांबड्या समुद्रातून बबून आणायचा धंदा खरोखर चालत होता. मोरासाठी असा एकही पुरावा शलमोनाच्या काळातला दाखवता येत नाही.

---

अक्षरवेडी

पपायरसदादा, त्या दोन याद्या शेजारी ठेवून मीही आत्ता पाच मिनिटं नुसती बघत बसले. मनापासून धन्यवाद.

पण एक शंका. उसना शब्द घेताना उपपद चिकटून येणं मला पटतं (अरबीतलं 'अल' असंच अनेक भाषांत गेलं). पण बाजूचा 'गफ' उपपदाशिवाय आला आणि 'की' तेवढा उपपद घेऊन, तेही स्त्रीलिंगी? एकाच यादीत दोन रीती?

@कावेरीकाठ, तुमच्या बाजूलाही एक अडचण आहे, आणि तिच्यावर बहुधा एक उतारा आहे. अडचण अशी की तोकैमध्ये 'ओ' आहे आणि एकच क, तर तुक्कीमध्ये 'उ' आहे आणि जोड क. उतारा असा : हिब्रूतली स्वरचिन्हं आणि क दुप्पट करणारा ठिपका मसोरा परंपरेच्या पंडितांनी इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकात घातला. त्याआधी पोथीत नुसती व्यंजनं होती. राजेमध्ये त-क-य-य-म एवढंच आहे. इतिहासात मात्र त नंतर 'वाव' हे अक्षर आहे, आणि वाव 'उ'साठीही चालतं, 'ओ'साठीही. म्हणजे लिहिलेल्या अक्षरांत 'तोकी'सुद्धा बसतं. जोड क ही नंतरच्या उच्चाराची साक्ष आहे. खोटी म्हणत नाही मी, पण उशिराची.

@रोजचा_वाचक, 'माणसं' कशी आली त्याबद्दल : शेवटचं '-ईयीम' हिब्रूत लोकांच्या नावांना लागतं. २ इतिहास १२:३ मध्ये मिसरच्या शिशक राजाच्या सैन्यात लूबीम, सुक्कीयीम आणि कूशीम असे तीन लोक एका दमात येतात. कूशीम म्हणजे इथिओपियाकडचे. जोसेफसनं किंवा त्याच्या हातातल्या पोथीनं तुक्कीयीमचं सुक्कीयीम केलं असावं असं काही अभ्यासक म्हणतात. मला हे फार मानवी वाटतं. अनोळखी शब्द दिसला की आपणही त्याच्याजवळचा ओळखीचा शब्द वाचतोच.

---

नवगावची_वाळू

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. आजोळ रेवदंड्याचं, जन्म मुंबईचा, आता तीसेक वर्षं इस्रायलमध्ये. या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

आजच्या हिब्रूत 'तुकी' म्हणजे पोपट! इथल्या कुठल्याही लहान मुलाला विचारा. आणि मोर म्हणजे 'तवास', म्हणजे तार्गुममधलाच शब्द. त्यामुळे माझ्या नातीनं शाळेत हा अध्याय वाचला तेव्हा घरी येऊन सांगितलं की शलमोनाकडे माकडं आणि पोपट होते. मी म्हटलं, मोर. ती म्हणाली, सफ्ता, तवास वेगळा, तुकी वेगळा. (सफ्ता म्हणजे आजी.) माझ्या आजीनं रेवदंड्याला मराठीतून ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यात मोर होते. एकाच घरात, एकाच वचनातून, पाच पिढ्यांत पक्षी बदलला.

आमच्याकडे पूर्वी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं होत, पेटी-टाळांवर. शलमोनाचा दरबार आला की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोकणातलाच मोर उभा राहत असणार.

---

दर्यावर्दी

मी मूळ वसईकडचा, म्हणून जहाजं कुठे जात होती यावर बोलतो. राजेमध्ये याच शलमोनाची जहाजं एझ्योन-गेबेरहून ओफीरला जातात असं म्हटलंय. हे एझ्योन-गेबेर तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला. ओफीरला जुन्या ग्रीक भाषांतरात सुरुवातीला 'स' लागतो, सोफीर किंवा सूफीर असं. जोसेफस ते भारतात आहे असं सांगतो. आणि आमच्या शेजारी सोपारा! ग्रीक भूगोलकार टॉलेमीचा सूपारा, महाभारतातलं शूर्पारक. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना तिथे स्तूप सापडला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही. नालासोपाऱ्याला लोकलमधून उतरलो की आजही माझ्या मनात हे येतं.

ओफीर सोपारा असेल तर मोराचा प्रश्नच मिटतो, नाही का?

---

पपायरस

दर्यावर्दीदादा, सोपाऱ्याबद्दलचं प्रेम मलाही आहे, पण ही गाठ इतकी पक्की बांधता येणार नाही. सोपाऱ्याचा तो लेख इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, शलमोनाचा काळ दहाव्या शतकातला. मधली सातशे वर्षं कशी भरायची? शिवाय उत्पत्ती १०:२९ मध्ये ओफीरचं नाव शबा आणि हवीला यांच्या मधोमध येतं, म्हणजे ते लिहिणाऱ्याला ओफीर अरबस्तानाकडचं वाटत होतं. ओफीर होतं हे मात्र खरं. तेल अवीवमध्ये तेल कसीले इथे एक खापराचा तुकडा मिळाला, त्यावर ओफीरचं सोनं, तीस शेकेल (शेकेल हे जुनं वजन) असा मजकूर आहे. तो इ.स.पू. आठव्या शतकातला मानतात. पण खापर पत्ता सांगत नाही.

आणखी एक इशारा, कारण मी स्वतः या खड्ड्यात पडलो होतो. याच अध्यायात 'अल्मुग' नावाचं लाकूड येतं. बरीच वर्षं लोक म्हणत होते की हे चंदन आणि शब्द संस्कृत 'वल्गु'वरून आला. पुढे सिरियाच्या किनाऱ्यावर उगारित हे प्राचीन शहर खणलं गेलं, १९२९ पासून, आणि तिथल्या मजकुरांत हेच नाव निघालं. मेसोपोटेमियाच्या जुन्या अक्कडी भाषेतही ते आहे. म्हणजे लाकडाचं नाव पश्चिम आशियातलंच, शलमोनाच्याही आधीचं. भारताचा दावा गेला. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, खरंच सांगतो.

---

दर्यावर्दी

मान्य. सोपारा हातचा सोडायला जड जातंय, पण तिसरं शतक ते दहावं शतक ही उडी मलाही मारता येत नाही.

तीन वर्षांबद्दल मात्र सांगतो. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वारा बहुतेक वर्षभर उत्तरेकडून असतो. जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. बाबेलमांदेब या तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाच्या सामुद्रधुनीपलीकडे गेलं की मोसमी वाऱ्यांचा हिशेब, उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा, हिवाळ्यात ईशान्येचा. एक वारा चुकला की पुढच्या मोसमापर्यंत बंदरात बसा. आणि त्या काळी वर्षाचा तुकडाही अख्खं वर्ष धरत. म्हणजे एका वर्षाच्या शेवटी निघालं, दुसरं सगळं बाहेर काढलं, तिसऱ्याच्या सुरुवातीला परतलं, तरी 'तीन वर्षं' झाली. एवढ्या वेळात सोमालियापर्यंत नुसतं जाऊन येणंही बसतं आणि भारतापर्यंतची खेपही. त्यामुळे मुदतीवरून निकाल लागत नाही.

---

अक्षरवेडी

हे वाऱ्यांचं मला कुठल्याच टीकाग्रंथात इतकं स्वच्छ सापडलं नव्हतं.

तार्शीशची गुंतागुंतही इथेच नोंदवते. तार्शीश पश्चिमेकडे, भूमध्य समुद्रात, बरेच जण स्पेनच्या दक्षिणेला धरतात. राजेमध्ये 'तार्शीश जहाज' आहे आणि ते मोठ्या, दूर पल्ल्याच्या जहाजाचं नाव असावं, कारण १ राजे २२ मध्ये यहोशाफाटची तार्शीश जहाजं ओफीरला जायला बांधलेली आहेत आणि ती एझ्योन-गेबेरलाच फुटतात. इतिहास लिहिणाऱ्यानं मात्र 'तार्शीशला जाणारी जहाजं' असं केलं. जर जहाजं खरंच पश्चिमेला जात असतील तर उत्तर आफ्रिकेतली माकडं आणि तेव्हा तिथे असलेले हत्ती हाताशी होते, आणि तुक्की तिसरंच काही निघेल.

---

कावेरीकाठ

दोन दिवस विचार करत होतो. पपायरसदादांच्या यादीपुढे माझी बाजू थोडी मागे सरते, हे मान्य करतो. दुसरी अडचण मी स्वतःच मांडतो : तोगै हा शब्द ज्या तमिळ कवितांत भेटतो त्या शलमोनाच्या कितीतरी शतकांनंतरच्या. इ.स.पू. दहाव्या शतकात तो शब्द कसा उच्चारला जाई आणि तेव्हा त्याचा अर्थ मोर होता की नुसता पिसारा, हे पाठावरून दाखवता येत नाही.

पण 'तेव्हा भारताशी संबंधच नव्हता' असं कुणी म्हणू नये. दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकात काळी मिरी सापडली आहे आणि तो वारला इ.स.पू. १२१३ मध्ये. मिरी तेव्हा मलबारशिवाय येणार कुठून? इस्रायलच्या किनारपट्टीवर मिळालेल्या फिनिशियन कुप्यांत, ज्या शलमोनाच्या काळाच्या आगेमागे आहेत, दालचिनीचा अंश असल्याचं संशोधकांनी मांडलं आहे. वस्तू हातोहात जात होत्या, हे नक्की.

मोराचंही एक जुनं वचन आहे आपल्याकडे. पाली जातकांत बावेरु जातक आहे. बावेरु म्हणजे बाबिलोन. तिथे पक्षीच नव्हते, म्हणून व्यापाऱ्यांनी नेलेल्या कावळ्याचंही कौतुक झालं. पुढच्या खेपेला त्यांनी मोर नेला, मग कावळ्याकडे कुणी पाहिलं नाही. काळ शलमोनाच्या बराच नंतरचा, पण समुद्रापार मोर विकायला नेण्याची आठवण आपल्याच बाजूनं जपलेली आहे.

---

नवगावची_वाळू

बावेरु जातक माहीत नव्हतं. नातीला सांगितलं, तिला कावळ्याचं वाईट वाटलं.

एक विचारू का? हिब्रूत भारतातून गेलेला, वाद नसलेला शब्द आहे का एखादा?

---

अक्षरवेडी

आहे ना, वाळूताई. एस्तेरच्या पुस्तकात १:६ मध्ये राजवाड्यातल्या पडद्यांचं वर्णन आहे, तिथे 'कर्पास' शब्द आहे. आपला कापूस, संस्कृत कार्पास. तो इराणी राजवटीच्या काळात गेला. त्याच अध्यायात पहिल्या वचनात भारताचं नाव 'होदू' म्हणून आहे, सिंधू-हिंदूचंच रूप. गीतरत्नातलं 'नेर्द' म्हणजे जटामांसी, संस्कृत नलद. आणि उलट दिशेनंही शब्द आलेत : आपला 'मरकत' मूळचा सेमिटिक मानतात, हिब्रूतल्या 'बारेकेत'च्या कुळातला, ग्रीकमधून फिरून संस्कृतात आलेला.

फरक बघा, कर्पासच्या वेळी वस्तूही माहीत आहे, वाटही माहीत आहे, आणि शब्द आजूबाजूच्या भाषांतही आहे. तुक्कीला यातलं काहीच नाही.

मी माझ्या वहीत आज असं लिहिलं आहे : कोफ, माकड, इजिप्तकडून, जवळजवळ खात्रीनं. तुक्की, बबून, यादीच्या क्रमामुळे झुकतं माप, पण 'त'चा खुलासा अपुरा. समासात तोगै, कारण इतिहासातला तो वाव. तार्गुम लिहिणाऱ्यांकडे मोराचं काही जुनं ज्ञान होतं की त्यांनीही चांगला अंदाज केला, हा प्रश्न मला अजून छळतो. कुणाला सिरियाक (अरामीचीच एक शाखा) येत असेल तर तिकडच्या भाष्यांत या वचनावर काय लिहिलंय ते बघून सांगाल का?

---

पपायरस

सिरियाक येणारे एक सर माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना या आठवड्यात विचारतो. ताई, 'त'बद्दल तुमचा आक्षेप बरोबर आहे. मी तो इतकी वर्षं नजरेआड केला होता. आज पुन्हा खलाशाची गोष्ट काढून बसलो आहे.

---

कावेरीकाठ

समासात का होईना, तोगै ठेवलंत, बरं वाटलं. आमच्याकडे यंदा पाऊस लवकर आला आहे. मळ्यात पाच मोर आलेत.